अश्रुधुराचा कुलवृत्तान्त

नोव्हेंबर २०२४ मध्ये हेगच्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेने युक्रेनमधल्या एका खंदकातून आलेल्या नमुन्यांचा अहवाल दिला. खंदकातली माती आणि तिथे सापडलेल्या हातबॉम्बचं कवच यांत 'सीएस' हे रसायन मिळालं. सीएस म्हणजे अश्रुधूर. या अहवालाची जगभर बातमी झाली, कारण रणभूमीवर अश्रुधूर वापरणं हा आंतरराष्ट्रीय कराराचा भंग आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधून शेतकऱ्यांवर अश्रुधुराची नळकांडी टाकली, आणि शेतकऱ्यांनी ड्रोन अडकवायला पतंग उडवले. त्याचीही बातमी झाली. पण त्यात कुणी करारभंग शोधला नाही, कारण तो तिथे नव्हताच.

शत्रूच्या सैनिकावर जे टाकायला बंदी, ते आपल्याच नागरिकावर टाकायला मुभा. ऐकताना हे उफराटं वाटतं. पण ही मुभा एका रात्रीत मिळालेली नाही. तिच्यामागे एकशे दहा वर्षांचा इतिहास आहे, आणि तो उलगडून पाहिल्याशिवाय 'जीव न घेणारं शस्त्र' या दाव्याची पारख होत नाही.

पोलिसांकडून सैन्याकडे

अश्रुधूर लष्कराने शोधला आणि पुढे पोलिसांना दिला, असा सर्वसाधारण समज आहे. सुरुवात मात्र उलटी झाली. १९१२ च्या सुमारास पॅरिसचे पोलीस दरोडेखोरांना घरातून बाहेर काढण्यासाठी एथिल ब्रोमोॲसिटेट भरलेले बॉम्ब वापरत होते. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, तेव्हा फ्रेंच सैन्य तेच रसायन घेऊन आघाडीवर गेलं. बंदुकीतून उडवायच्या एका गोळीत जेमतेम चार चमचे द्रव मावायचा. बंद खोलीतल्या चोराला तो पुरेसा होता, पण मोकळ्या माळावर जर्मनांना त्याचा पत्ताही लागला नाही.

१८९९ च्या हेग घोषणेत गुदमरवणारे किंवा अपायकारक वायू पसरवणारे गोळे वापरायचे नाहीत असं ठरलं होतं. डोळ्यांतून नुसतं पाणी काढणारा वायू त्यात बसतो की नाही, यावर वाद घालायला जागा होती आणि दोन्ही बाजूंनी ती वापरली. ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेलजवळ जर्मनांनी शिंका आणणाऱ्या पुडीचे सुमारे ३,००० गोळे टाकले. समोरच्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ३१ जानेवारी १९१५ रोजी पोलंडमधल्या बोलिमोव्हला रशियनांवर झायलिल ब्रोमाइडचे सुमारे १८,००० गोळे पडले, पण थंडी इतकी कडाक्याची होती की रसायन हवेत उडालंच नाही.

या फसलेल्या प्रयोगांतून 'हा मार्गच चुकीचा' असा धडा कुणी घेतला नाही. 'रसायन सौम्य पडलं' एवढाच निष्कर्ष निघाला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रला ५,७०० हून अधिक नळ्यांमधून दीडशे टनांवर क्लोरीन सोडला गेला, आणि तिथून रासायनिक युद्धाचं दार सताड उघडलं. आठ महिन्यांत डोळ्यांतल्या पाण्यापासून फुप्फुसातल्या पाण्यापर्यंत मजल गेली. हा क्रम नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे करार करणारेही तो विसरले नाहीत.

युद्ध संपलं, माल उरला

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या रासायनिक युद्ध विभागापुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. वायूबद्दल लोकांच्या मनात तिटकारा होता आणि हा विभागच बंद करावा असं म्हणणारे बरेच होते. विभागप्रमुख जनरल ॲमॉस फ्राइज यांनी त्यावर वेगळा तोडगा काढला. युद्धात नको असेल, तर शांततेच्या काळात वापरा! क्लोरोॲसिटोफिनोन, म्हणजे 'सीएन', हे रसायन १८७१ पासून ठाऊक होतं. ते पोलिसांना, तुरुंगांना, बँकांना उपयोगी पडेल असा प्रचार सुरू झाला. जुलै १९२१ मध्ये फिलाडेल्फियात एक जाहीर प्रात्यक्षिक झालं. दोनशे पोलिसांना सांगितलं, समोरच्या सहा जणांना पकडा. त्या सहा जणांच्या हाती अश्रुधुराचे बॉम्ब होते. पोलीस तीनदा चालून गेले आणि तिन्ही वेळा डोळे चोळत मागे फिरले. मालाची जाहिरात यापेक्षा चांगली काय होणार?

मालाला गिऱ्हाईक लवकरच मिळालं. १९३० च्या दशकात कारखानदारांनी संप मोडण्यासाठी अश्रुधूर स्वतः विकत घेऊन ठेवल्याचं सिनेटच्या ला फोलेट समितीपुढे उघड झालं. त्याआधी २८ जुलै १९३२ रोजी खुद्द वॉशिंग्टनमध्ये त्याची मोठी परीक्षा झाली होती. मंदीत होरपळलेले हजारो माजी सैनिक, कबूल केलेला बोनस आधी द्या अशी मागणी घेऊन, बायकामुलांसह राजधानीत तळ ठोकून बसले होते. त्या दिवशी आधी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक बळी पडले. नंतर जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या हुकमाखाली घोडदळ, संगिनी लावलेलं पायदळ आणि रणगाडे रस्त्यावर उतरले. अश्रुधुराच्या ढगाआडून सैन्य पुढे सरकलं आणि रात्री ॲनाकॉस्टिया नदीकाठच्या त्यांच्या झोपड्या पेटल्या. फ्रान्सच्या खंदकात ज्यांनी जर्मन वायू सोसला, त्यांच्यातल्या अनेकांनी आता आपल्याच लष्कराचा सोसला.

या प्रसंगातच अश्रुधुराचा पुढचा सगळा स्वभाव दिसतो. तो एकटा येत नाही. त्याच्यापुढे किंवा मागे काहीतरी असतं. घोडा, संगीन, लाठी, गोळी. माणसाला जागेवरून हलवणं एवढंच त्याचं काम. हललेल्या माणसाचं काय करायचं, हे मागून येणारा ठरवतो.

साम्राज्य, अमृतसर आणि गवालिया टँक

ब्रिटिशांची अडचण निराळी होती. मे १९१९ मध्ये युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी एका टिपणात बंडखोर टोळ्यांविरुद्ध वायू वापरायला हरकत नसल्याचं ठासून सांगितलं. त्यांचा रोख मुख्यतः डोळ्यांना झोंबणाऱ्या वायूवर होता. लंडनच्या इंडिया ऑफिसने मात्र विरोध केला. त्या टिपणाच्या महिनाभर आधी, १३ एप्रिलला, जालियनवाला बागेत १,६५० फैरी झडल्या होत्या आणि सरकारी आकड्यानुसारही ३७९ माणसं मेली होती. गोळीखेरीज दुसरं काही साधन असतं तर, हा प्रश्न अमृतसरनंतर उठणं साहजिक होतं. पण जर्मनांच्या वायूला रानटी म्हणणाऱ्या सरकारने स्वतःच्या प्रजेवर वायू कोणत्या तोंडाने सोडायचा?

१७ जून १९२५ च्या जिनिव्हा कराराने युद्धात विषारी वायूंना बंदी घातली. १९३० मध्ये ब्रिटनने अधिकृतपणे सांगितलं, की आमच्या मते या बंदीत अश्रुधूरही येतो. अमेरिकेने त्याला आक्षेप घेतला. घरच्या पोलिसांना जे रोज वापरू देतो, ते युद्धात निषिद्ध कसं म्हणायचं, हा तिचा मुद्दा होता. ब्रिटननेही यातून आपल्यापुरता मार्ग काढला. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वसाहतींतल्या पोलिसांना, हिंदुस्थानातल्याही, अश्रुधुराची परवानगी मिळाली. युद्धात बंदी आणि वसाहतीत मुभा, या दोन गोष्टी एकाच सरकारच्या कपाटात शेजारी शेजारी राहू लागल्या. आजच्या कायद्याचं मूळ तिथेच आहे.

मुंबईला या शस्त्राची ओळख आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी, नेत्यांना पहाटेच अटक झाल्यावर, गवालिया टँकवर अरुणा असफअलींनी तिरंगा फडकवला आणि पोलिसांनी जमावावर अश्रुधूर सोडला. स्वातंत्र्यानंतर सरकार बदललं, पण नळकांडी तीच राहिली. मात्र ती हाताशी होती म्हणून गोळी थांबली, असं झालं नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी फ्लोरा फाउंटनवर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि १५ जण गेले. पुढे हा आकडा १०६ वर पोचला. हुतात्मा चौकातलं स्मारक त्याची साक्ष आहे. मुंबई पोलिसांना अश्रुधूर ठाऊक होऊन तेव्हा तेरा वर्षं उलटली होती.

नळकांड्यात असतं काय?

आज जगभर वापरला जाणारा अश्रुधूर बहुतांशी सीएस. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या मिडलबरी महाविद्यालयात बेन कॉर्सन आणि रॉजर स्टॉटन यांनी तो बनवला. त्यांच्याच आडनावांची आद्याक्षरं त्याला चिकटली. ते शस्त्र शोधत नव्हते. रसायनांची एक मालिका तयार करताना त्यांच्या लक्षात आलं, की ही पूड ओली असताना त्रास देत नाही, पण कोरडी हाताळली तर शिंका आणि डोळ्यांच्या धारा आवरत नाहीत. शोधनिबंधात त्यांनी तशी नोंद करून ठेवली. ब्रिटनच्या पोर्टन डाऊन प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात ती नोंद कामी आणली, कारण जुना सीएन दंगलखोरांना पुरेसा लागू पडत नव्हता.

सीएसला वायू म्हणतात, पण तो वायू नाही. ते पांढरे स्फटिक असतात आणि ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. नळकांड्यात ते जळणाऱ्या मिश्रणात घातलेले असतात. मिश्रण पेटलं की सीएसची वाफ होते, बाहेरच्या थंड हवेत तिचे पुन्हा अतिसूक्ष्म कण बनतात आणि आपल्याला धूर दिसतो. हे कण ओलाव्याला धरतात. डोळे, नाक, घसा, घामेजलेली मान. तिथल्या मज्जातंतूंवर वेदना ओळखणारी जी प्रथिनं असतात, त्यांतल्या एकाला सीएस चेतवतो. प्रत्यक्षात भाजलेलं नसतं, पण मेंदूला मिळणारा निरोप मात्र भाजल्याचाच असतो. डोळे मिटतात, छाती आवळल्यासारखी होते, माणूस वाट फुटेल तिकडे पळतो. मोकळ्या हवेत आला की पंधरा-वीस मिनिटांत बराचसा सावरतो.

'मोकळ्या हवेत आला की' या अटीवरच सगळा डोलारा उभा आहे. कण हवेपेक्षा जड, त्यामुळे ते खाली बसतात. लहान मूल, खाली पडलेला म्हातारा, दम्याचा रोगी यांच्या वाट्याला जास्त मात्रा येते. खोली बंद असेल तर मात्रा वाढतच जाते. आणि नळकांडं हवेत न उडवता सरळ माणसावर झाडलं, तर त्यात कोणतं रसायन आहे याला अर्थच उरत नाही; तो डोक्यावर आदळणारा धातूचा किंवा प्लॅस्टिकचा जड गोळा असतो.

व्हिएतनामचा धडा

मार्च १९६५ मध्ये व्हिएतनामात अश्रुधूर वापरला जात असल्याचं बाहेर आलं, तेव्हा गहजब झाला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी खुलासा केला, की हे वायुयुद्ध नव्हे. दंगलीसारख्या प्रसंगांपुरताच वापर होईल. सप्टेंबरात लेफ्टनंट कर्नल लिऑन अटर यांनी भुयारांत दडलेल्या शत्रूसोबत बायकामुलंही आहेत म्हणून हातबॉम्बऐवजी सीएन वापरला. त्यांची चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. अश्रुधुराच्या बाजूने याहून चांगलं उदाहरण दाखवता येणार नाही. भुयारात हातबॉम्ब पडले असते, तर त्या बायकामुलांतलं कोण वाचलं असतं?

पण अपवादाचा नियम व्हायला वेळ लागला नाही. एकदा मुभा मिळाल्यावर सीएस पंख्यांनी भुयारांत फुंकला गेला, हेलिकॉप्टरमधून टाकला गेला, तोफगोळ्यांत भरला गेला. पावसापाण्यात आठवडेच्या आठवडे टिकावा म्हणून पुडीला सिलिकॉनचं आवरण चढवलं. अमेरिकेने तिथे एकूण सुमारे ७० लाख किलो सीएस नेला. त्याचं मुख्य काम जीव वाचवण्याचं राहिलं नाही. शत्रू बंकरमध्ये असेल तर तोफा आणि बॉम्ब त्याला लागत नाहीत. अश्रुधूर सोडला की तो उघड्यावर येतो, आणि मग तोफा लागतात. जीव न घेणारं शस्त्र जीव घेणाऱ्या शस्त्रासाठी हाकारे घालू लागलं. शिकारीत हाकारे घालणारा स्वतः गोळी झाडत नाही, पण शिकार त्याच्याशिवाय होत नाही.

डिसेंबर १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८० विरुद्ध ३ मतांनी ठराव केला, की जिनिव्हा कराराच्या बंदीत अशी सगळी रसायनं येतात. विरोधी मतं अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल यांची. ३६ देश तटस्थ राहिले.

डेरीतला हिशेब

ब्रिटन १९३० मधल्या आपल्या भूमिकेवर ठाम राहील, अशी अपेक्षा होती. पण मध्ये ऑगस्ट १९६९ येऊन गेला होता. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत दोन दिवस पोलीस आणि रहिवासी यांच्यात धुमश्चक्री चालली. पोलिसांनी सीएसची १,०९१ काडतुसं आणि १४ हातबॉम्ब वापरले. एका काडतुसात साडेबारा ग्रॅम, एका बॉम्बमध्ये पन्नास ग्रॅम. वस्ती दाट, गल्ल्या अरुंद; धूर रस्त्यावरून घरात आणि घरातून पाळण्यापर्यंत गेला. फेब्रुवारी १९७० मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत जाहीर केलं, की सीएस पूर्वीच्या रसायनांपेक्षा सौम्य असल्याने तो जिनिव्हा कराराच्या बाहेर आहे. जे घरात वापरलं, ते निषिद्ध म्हणायची सोय राहिली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेने मांडलेली अडचण आता ब्रिटनचीही झाली होती.

त्याच वर्षी २३ जुलैला एका निदर्शकाने ब्रिटिश संसदेच्या प्रेक्षक सज्जातून सीएसची दोन नळकांडी खाली टाकली आणि बेलफास्टच्या लोकांना काय सोसावं लागतं ते तुम्हीही पाहा, अशा अर्थाचं ओरडला. सभागृह रिकामं करावं लागलं.

डेरीतून एक चांगली गोष्टही निघाली. सर हॅरल्ड हिम्सवर्थ यांच्या समितीने तिथे जाऊन चौकशी केली आणि एक तत्त्व मांडलं: असं रसायन शस्त्रासारखं नव्हे, औषधासारखं तपासावं. म्हणजे धडधाकट तरुण शिपायावर काय होतं हे पाहून भागणार नाही; गरोदर बाई, तान्हं मूल, हृदयरोगी यांच्यावर काय होतं तेही पाहावं लागेल. किती काडतुसं उडाली याचा नेमका हिशेब हाती होता, म्हणूनच समितीला मात्रेचा अंदाज बांधता आला.

करार आणि त्यातली दोन वाक्यं

१९९३ मध्ये पॅरिसला सह्यांसाठी खुला झालेला आणि २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आलेला रासायनिक शस्त्रबंदी करार भारतानेही मान्य केला आहे. त्याच्या पहिल्या कलमात म्हटलंय, की दंगल नियंत्रणाची रसायनं युद्धपद्धती म्हणून वापरायची नाहीत. दुसऱ्या कलमात कायदा-सुव्यवस्था राखण्यासाठी, देशांतर्गत दंगल आवरण्यासाठीही, मुभा आहे.

रणभूमीवरची बंदी दयेपोटी नाही. तिच्यामागे अनुभव आहे. समोरून धूर येताना सैनिकाला तो कसला ते कळत नाही. तो सर्वांत वाईट शक्यता धरतो आणि त्याच तोडीचं उत्तर देतो. १९१४ चा क्रम साऱ्यांना माहीत होता. इराण-इराक युद्धात तो पुन्हा दिसला: इराकने १९८२ मध्ये अश्रुधुराने सुरुवात केली, १९८३ मध्ये मस्टर्ड वायू आला, आणि पुढे मज्जातंतूंवर घाला घालणारी विषं आली. नागरिकांच्या जमावाकडे प्रत्युत्तर द्यायला रसायनं नसतात, म्हणून तिथे ही भीती नाही. आणि पोलिसांमागे तोफखाना नसतो, जमावाला पळायला मोकळा रस्ता असतो, असं गृहीत धरलेलं आहे. देशांतर्गत मुभा या गृहीतांवर टिकून आहे.

गृहीतं कोसळली की काय होतं, ते ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात दिसलं. चेचेन बंडखोरांनी आठशेहून अधिक प्रेक्षक ओलीस धरले होते. रशियन दलांनी वातानुकूलनातून गुंगी आणणारं, फेंटानिलच्या जातीचं रसायन सोडलं. बंडखोर निपचित पडले आणि प्रेक्षकही. सुमारे १३० ओलीस मेले, जवळजवळ सगळे त्या रसायनाने. काय सोडलंय हे डॉक्टरांना वेळेवर सांगितलं नव्हतं, आणि बेशुद्धांना उताणं ठेवल्याने अनेकांची जीभ घशात गेली. रसायन जीवघेणं नाही असं म्हणणाऱ्याने मात्रा, खोली आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी धरल्याच नव्हत्या.

लष्करांना हे ठाऊक आहे. १९९५ मध्ये मोगादिशूतून संयुक्त राष्ट्रांचं सैन्य बाहेर काढताना अमेरिकेचे जनरल अँथनी झिनी यांनी चिकट फेसापासून रबरी छऱ्यांपर्यंत सगळा नवा सरंजाम सोबत नेला. पुढच्याच वर्षी अमेरिकी संरक्षण खात्याने या शस्त्रांचं धोरण ठरवलं आणि त्यात सरळ नमूद केलं, की त्यांच्यामुळे मृत्यू होण्याची शक्यता शून्य असावी, अशी अट नाही. त्वचेला चटका देणारी लहरींची यंत्रणा २०१० मध्ये अफगाणिस्तानात नेली आणि एकदाही न वापरता परत आणली.

आपल्याकडे ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचा कारखाना १९७६ पासून ही नळकांडी बनवतो. २०१६ मध्ये काश्मीरात छऱ्यांच्या बंदुकीने शेकडो जणांच्या डोळ्यांना इजा झाली, तेव्हा मिरचीच्या जातीच्या 'पावा' रसायनाचे गोळे पर्याय म्हणून पुढे आले. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेत त्यावर काम झालं होतं. पावा आला, पण छऱ्यांची बंदूक मोडीत निघाली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमारासोबत नळकांडीही फुटली. ॲनाकॉस्टियापासून अंतरवालीपर्यंत, हा धूर एकटा आलेला नाही.

म्हणून 'जीव न घेणारं' हा गुण नळकांड्यात नसतो. तो मोकळ्या हवेत, पळायला असलेल्या वाटेत, मोजलेल्या मात्रेत आणि मागून काय येणार यात असतो. ड्रोन आल्यावर पळायची वाट वरूनच बंद करता येते. तेव्हा करारातली मुभा जुन्या गृहीतांसकट पुन्हा वाचायला हवी. पोलिसांच्या हातून अश्रुधूर काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी गोळी येईल, ही भीती खरी आहे. मागणी एवढीच, की प्रत्येक वापरानंतर किती नळकांडी उडाली, कोणत्या रसायनाची, कुठे, किती अंतरावरून आणि त्यानंतर किती जण दवाखान्यात गेले, याचा हिशेब राज्य सरकारांनी जाहीर करावा. १९६९ मध्ये डेरीत काडतूस न् काडतूस मोजता आलं, तर आज जालन्यात आणि शंभूलाही मोजता येईल.